ॲबर्डीनची ठकठक

एमआरआय काढून आलेल्या कुणालाही विचारा, आधी आवाजाचीच गोष्ट निघते. कानांत बोळे घातले तरी ती ठकठक, ती घरघर, मधूनच हातोडीसारखे दणके. तो आवाज यंत्रातल्या तारांच्या वेटोळ्यांचा असतो. प्रचंड चुंबकाच्या पोटात बसवलेल्या या वेटोळ्यांतून वीज झटक्यात सुरू होते, झटक्यात बदलते, आणि दर बदलाला वेटोळी थरारतात. असे हजारो झटके एका विशिष्ट क्रमाने दिले जातात. तो क्रम ज्या युक्तीवर उभा आहे, ती स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात सापडली.

ॲबर्डीन हे उत्तर समुद्राकाठचं, करड्या ग्रॅनाइटचं शहर. तिथलं विद्यापीठ १४९५ सालचं. १९६५ मध्ये तिथे वैद्यकीय भौतिकीचं प्राध्यापकपद निर्माण झालं, आणि लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये काम केलेले जॉन मॅलार्ड त्यावर रुजू झाले. वय अडतीस. येताना त्यांनी एक प्रश्न सोबत आणला होता : गाठीतलं मांस निरोगी मांसाहून वेगळं असेल, तर तो वेगळेपणा शरीर न चिरता, बाहेरून ओळखता येईल का? त्याआधीच त्यांनी उंदरांच्या ऊतींवर चुंबकीय अनुनादाचे प्रयोग केले होते. इलेक्ट्रॉनांचा अनुनाद वापरून केलेलं ते काम १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. त्यातून रुग्णाच्या उपयोगाचं लगेच काही निघालं नाही. मॅलार्डांनी प्रश्न मात्र सोडला नाही.

त्याचं उत्तर शेवटी पाण्यात सापडलं. आपल्या शरीरात सर्वाधिक काय असेल तर पाणी, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. त्यांचे गाभे, म्हणजे प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखे डुलतात. क्षेत्र जितकं जोरदार, तितकं डुलणं जलद. नेमक्या त्याच वेगाच्या रेडिओलहरी सोडल्या, की झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्यासारखी ऊर्जा त्यांच्यात शिरते. लहर थांबली की ते हळूहळू पूर्ववत होतात, आणि तोवर स्वतःच एक क्षीण रेडिओसंदेश देत राहतात. सुजलेल्या किंवा गाठ झालेल्या ऊतीतले प्रोटॉन पूर्ववत व्हायला बहुधा जास्त वेळ घेतात. मॅलार्डांना हवा होता तो वेगळेपणा हाच.

हा संदेश किती क्षीण असतो, ते ऐकून मी थक्क झालो होतो. ॲबर्डीनच्या पहिल्या मोठ्या यंत्राचं क्षेत्र ०.०४ टेस्ला होतं. आजच्या रुग्णालयांतलं नेहमीचं यंत्र १.५ टेस्लाचं, म्हणजे त्याच्या साडेसदतीसपट. इतक्या दुबळ्या क्षेत्रात प्रोटॉन जवळजवळ निम्मे एका दिशेला, निम्मे उलट दिशेला असतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. एका दिशेला जास्त उरतात ते दर कोटीमागे एक-दोन. सगळं चित्र त्या एक-दोघांच्या कुजबुजीवर उभं राहायचं. संदेशाची वारंवारता होती १.७ मेगाहर्ट्झ, आपण ज्या मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकत आलो तिच्या किंचित वर. माणसाचं शरीर त्या पट्ट्याच्या शेजारी बोलत होतं.

१९७३ मध्ये अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी दाखवून दिलं, की क्षेत्राची ताकद जागोजागी बदलती ठेवली तर या संदेशांवरून चित्र काढता येतं. पुढच्याच वर्षी ॲबर्डीनमध्ये जिम हचिसन आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदराचं चित्र मिळवलं. उंदराची मान मोडलेली होती, आणि मोडलेल्या जागी साचलेलं पाणी चित्रात वेगळं उठून दिसलं. इजा बाहेरून, न चिरता दिसली होती. दशकभर जपलेल्या प्रश्नाला मिळालेला हा पहिला होकार. आता माणूस मावेल एवढं यंत्र बांधायचं होतं.

यंत्र झालं, पण जिवंत माणूस उंदरासारखा निश्चल नसतो. छाती हलते, हृदय हलतं, आणि चित्राला पट्टे पडतात, ते फरकटतं. अमेरिकेत रेमंड डॅमेडियन यांनी १९७७ मध्ये माणसाच्या छातीचं चित्र काढलं होतं, पण त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. नॉटिंगहॅममध्ये पीटर मॅन्सफिल्ड वेगळी वाट शोधत होते. ॲबर्डीनला वाट सापडली १९८० च्या सुरुवातीला.

ती समजून घ्यायला शाळेच्या मैदानावरची लेझीम आठवा. मुलं एका रांगेत, सगळ्यांचा ताल एक. आता क्षणभर असं करा : डावीकडच्या पहिल्याचा वेग तोच, दुसऱ्याचा किंचित जास्त, तिसऱ्याचा आणखी जास्त, असं शेवटपर्यंत. लगेच सगळे पुन्हा मूळ वेगावर. वेग सारखे झाले, पण प्रत्येकाची लेझीम आपापल्या जागेच्या हिशेबाने पुढे गेलेली राहिली. यंत्राला मुलं वेगवेगळी दिसत नाहीत, सगळ्यांचा मिळून एक आवाज ऐकू येतो. म्हणून हाच खेळ पुनःपुन्हा खेळायचा, दर वेळी वेगातला फरक एक पायरी बदलायचा, आणि शेवटी सगळे आवाज गणितात घालून कोण कुठे उभं होतं ते काढायचं. वेगात फरक पाडणारी ती वेटोळी, आणि पायरीपायरीने बदलणाऱ्या त्या विजेच्या झटक्यांची ही ठकठक.

याची पूर्वपीठिका आपल्याला जवळची आहे. जागा अशी तालाच्या फरकातून ओळखण्याची पद्धत १९७५ मध्ये झुरिकमध्ये मांडली गेली, आणि त्या निबंधाचे पहिले लेखक होते अनिल कुमार, जे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. त्यांच्या पद्धतीत फरकाचा जोर कायम राही आणि कालावधी बदले. ॲबर्डीनच्या गटाने उलटं केलं, कालावधी कायम ठेवला आणि जोर बदलला. बदल एवढाच, पण चित्र स्थिर झालं. या पद्धतीला 'स्पिन-वॉर्प' म्हणतात, आणि आजचं जवळजवळ प्रत्येक एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालतं.

हा शोध मांडणाऱ्या १९८० च्या निबंधावर चार नावं आहेत : एडेलस्टाइन, हचिसन, जॉन्सन, रेडपाथ. मॅलार्डांचं नाव त्यात नाही. विभाग त्यांचा होता, मूळ प्रश्न त्यांचा होता. विभागप्रमुखाचं नाव प्रत्येक निबंधावर चढवण्याची रीत किती रुळलेली आहे, हे विद्यापीठात वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. मला मॅलार्डांचं मोठेपण इथे दिसतं. त्यांनी भौतिकीवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि जीवशास्त्रज्ञ एका छताखाली आणले, त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं निधी मिळवला, आणि सगळ्यांना रुग्णालयाच्या आवारात बसवलं, म्हणजे आजारी माणूस सतत त्यांच्या नजरेसमोर राहील. मग ज्याचं काम, त्याचं नाव.

२८ ऑगस्ट १९८० रोजी जवळच्या फ्रेझरबरा या मासेमारीच्या गावातला एक रुग्ण त्या यंत्रात झोपला. चित्रात छातीतली मूळ गाठ दिसली, यकृतातला बिघाड दिसला, आणि हाडांत पसरलेला कर्करोगही दिसला. आजार फार पुढे गेला होता, यंत्र त्याला वाचवू शकणार नव्हतं. पण संपूर्ण शरीराच्या एमआरआयमधून डॉक्टरांना खरोखर उपयोगी माहिती मिळाली ती या माणसापासून.

२००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं. ते योग्यच होतं, तरी ॲबर्डीनचा वाटा जगाने जितका ओळखायला हवा तितका ओळखलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅलार्ड १९९२ मध्ये निवृत्त झाले आणि २०२१ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांच्यामागे तिथलं काम थांबलं नाही. चित्र घेता घेता चुंबकीय क्षेत्रच झपाट्याने बदलणारं यंत्र डेव्हिड ल्युरी यांच्या गटाने तिथेच बांधलं.

१९८० चं ते पहिलं यंत्र ॲबर्डीनच्या फॉरेस्टरहिल वैद्यकीय परिसरात, सटी सेंटरमध्ये जपून ठेवलेलं आहे. स्कॉटलंडला जाणं झालं, तर ते बघून या.