गंगारामाचें 'महाराष्ट्रपुराण' व वंगदेशाचा शोक

वंगभाषेंत 'महाराष्ट्रपुराण' या नांवाचें एक लहानसें काव्य आहे. नांव ऐकून आपल्याकडील संग्राहकास आनंद व्हावा. पण पोथी उघडतांच तो मावळतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेनें इ. स. १७४२ पासून बंगाल्यांतील रयतेचा जो संहार केला, त्याचा हा समकालीन विलाप आहे. कर्ता गंगाराम. पोथी मैमनसिंग जिल्ह्यांत सांपडली. तींत शके १६७२ व बंगाली सन ११५८ असे दोन आंकडे असून त्यांत एका वर्षाचें अंतर पडतें. तथापि ती १७५१ च्या सुमाराची मानण्यास हरकत नाहीं. याच वर्षीं अलीवर्दीखानानें चौथाईबद्दल सालीना बारा लक्ष रुपये देण्याचें कबूल करून तह केला.

बंगाली लोक या स्वारांस 'बर्गी' म्हणत. हा आपलाच 'बारगीर' शब्द. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचें घोडें बाळगणारा तो शिलेदार, हा भेद आपल्या दफ्तरांत जागोजाग दिसतो. ज्याचें घर जळत होतें त्यास त्याचें काय? मुलांस निजवितांना म्हणावयाच्या बंगाली गाण्यांत तो शब्द अद्यापि टिकून आहे.

काव्यांतील सर्वांत मोलाचा भाग पळणाऱ्या लोकांचें वर्णन हा होय. सोनार तराजू व वजनें घेऊन निघतो, कांसार तांब्यापितळेचीं भांडीं, कुंभार आपलें चाक, कोळी जाळीं; आणि ब्राह्मण पंडित पोथ्यांचीं ओझीं. त्या ओझ्यांपैकीं किती पोथ्या ठिकाणावर पोंचल्या असतील, याचा विचार आमच्या वाचकांइतका दुसऱ्या कोणास चटका लावणार नाहीं. पुढें जाळलेल्या गांवांचीं नांवें एकामागून एक येतात. रुपये मागावे, न मिळाल्यास नाकांत पाणी भरावें, तळ्यांत बुडवावें, हात, नाक, कान कापावे, स्त्रियांची विटंबना करावी, असें तो सांगतो. वर्धमानच्या राजाचा आश्रित बाणेश्वर विद्यालंकार यानें १७४४ त रचिलेल्या 'चित्रचंपू' या संस्कृत ग्रंथांतही गर्भिणी, बालक, ब्राह्मण, दरिद्री यांपैकीं कोणासही न सोडणारें सैन्य असेंच वर्णन आहे.

शोकाबरोबर वादही आहे. गंगारामाच्या मतें पृथ्वी पापानें जड झाली म्हणून शंकरानें नंदीस शाहूमहाराजांकडे पाठविलें. म्हणजे मराठे प्रथम दंड देणारे होत. परंतु त्यांनीं ब्राह्मण, वैष्णव व स्त्रिया मारल्या, तेव्हां देवी कोपून नबाबाकडे वळली. ज्या भास्करपंतानें १७४२ त काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली, त्याच्यावरच दुर्गा उलटली! उलट भारतचंद्र राय 'अन्नदामंगल' काव्यांत (१७५२) नबाबाच्या लोकांनीं भुवनेश्वरीं केलेला उपद्रव हें मूळ कारण देतो. मात्र लागलेल्या आगींत निरपराधही पोळले, हें तोही झांकीत नाहीं.

ता. ३१ मार्च १७४४ रोजीं मनकरा येथें भेटीच्या मिषानें तंबूंत बोलावून अलीवर्दीनें भास्करपंत कोल्हटकर व वीसांहून अधिक सरदार कापून काढले. हा विश्वासघात होता, व आपण तसें म्हणतों तें यथार्थच आहे. गंगारामाच्या पोथींतील 'भास्करपराभव' कांड मात्र याच प्रसंगीं समाप्त होतें.

कवीची वाणी अतिशयोक्तीची, असा आक्षेप येईल. मृतांची संख्या आम्ही काव्यावरून ठरवूं इच्छीत नाहीं. परंतु कलकत्त्याच्या इंग्रजांनीं याच भयानें खंदक खणला, तो कांहीं अलंकारशास्त्राच्या धाकानें नव्हे. १७४३ त खुद्द बाळाजी बाजीराव पेशवे रघूजीविरुद्ध नबाबाच्या साह्यास गेले, व त्याच वर्षीं शाहूमहाराजांनीं दोघांचे मुलूख वांटून दिले; पण तो तंटा वसुलीच्या हद्दींचा होता. एवढ्यावरून रयतेविषयीं आपल्या कागदांत कांहींच नाहीं असें म्हणणें घाईचें होईल.

नागपूर व वऱ्हाड प्रांतीं ज्यांच्या घरीं बंगालच्या स्वारीचे मोडी रुमाल असतील, त्यांनीं हिशेबी म्हणून ते टाकून देऊं नयेत. मुक्कामांच्या यादींतील गांवें गंगारामाच्या गांवांशीं ताडून पाहावीं, आणि जुळणी निघाल्यास नक्कल मंडळाकडे पाठवावी. नांवें बंगाली उच्चाराचीं असल्यानें मोडींत तीं बरींच विपर्यस्त झालेलीं असतील, हें ध्यानांत ठेवावें.