बारा गाठींचा हिशेब

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या शेजारीच सफदरजंग आणि एम्स ही रुग्णालये समोरासमोर उभी आहेत. उत्तर भारतातून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या परिसरात बगलेत फाइल घेऊन वावरतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्याच्या फाइलीत एक ओळ असते: किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या. पुढचे उपचार बरेचसे या दोन आकड्यांवर ठरतात. त्यांना एवढे वजन यायला जवळपास नव्वद वर्षे लागली.

1932 मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरची ए, बी, सी अशी प्रतवारी मांडली. आजार ग्रंथींपर्यंत पोचला की रुग्ण सी गटात. मात्र तेव्हा हाती शस्त्रक्रियेपलीकडे फारसे काही नव्हते, त्यामुळे गट कळूनही उपचारात थोडाच फरक पडे.

चित्र पालटले 1990 मध्ये. ग्रंथी बाधित असलेल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना ऑपरेशननंतरच्या केमोथेरपीने फायदा होतो, हे अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले. त्याच वर्षी सिडनीच्या जागतिक परिषदेत किमान बारा ग्रंथी तपासाव्यात, अशी शिफारस झाली. कारण उघड आहे. चारच ग्रंथी पाहून ‘आजार पसरलेला नाही’ म्हटले आणि पाचवीत तो दडून राहिला, तर ज्याला केमो हवी त्यालाच ती मिळत नाही.

2004 मध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची जोड मिळाल्याने केमो अधिक परिणामकारक झाली. पुढे 2018 मध्ये आयडिया अभ्यासाने दाखवले, की एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्या, कमी धोक्याच्या अनेक रुग्णांना सहाऐवजी तीन महिन्यांची केमो पुरेशी ठरू शकते. या औषधाने हातापायांना येणाऱ्या मुंग्या त्यामुळे बऱ्याच कमी होतात. तीन आणि चार बाधित ग्रंथी यांतला फरक आता रुग्णाच्या अंगावर उमटू लागला.

हा आकडा येतो प्रयोगशाळेतल्या टेबलावरून. फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेल्या आतड्याभोवतीच्या चरबीचे पातळ काप करायचे आणि एकेक काप बोटांनी चाचपायचा. काही ग्रंथी जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या असतात, आणि आजार त्यांतही असू शकतो. सर्जनने ती चरबी नीट, अखंड काढलेली असावी लागते आणि शोधणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा लागतो. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन दिले असेल, तर ग्रंथी मुळातच कमी सापडतात. तिथे कमी आकड्यावरून कुणाला दोष देता येत नाही.

औषधे जसजशी सुधारली, तसतसे या मोजणीचे मोल वाढत गेले. म्हणून गर्दीने भरलेल्या सरकारी रुग्णालयांत पॅथॉलॉजी विभागाला माणसे आणि वेळ देणे हाही उपचारावरचाच खर्च मानला पाहिजे. रुग्णाच्या घरच्यांनीही रिपोर्टमधली ती ओळ वाचावी. आधी रेडिएशन न देताही आकडा बाराच्या आत असेल, तर ‘पुन्हा शोधता येईल का?’ असे डॉक्टरांना लगेच विचारावे. काढलेला भाग प्रयोगशाळेत कायम ठेवला जात नाही.