जामीन, गुन्हेगारी आणि न ठेवलेली नोंद

मरोळमध्ये एखाद्या कामगाराला चोरीच्या संशयावरून अटक झाली की चोवीस तासांच्या आत त्याला अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. पुढे यथावकाश जामीन मंजूरही होतो. खरी अडचण त्यानंतरची. एमआयडीसीतल्या गाळ्यात राबून तिथेच पथारी टाकणाऱ्या माणसाने जामीनदार आणायचा कुठून? रेशन कार्ड, पगाराची पावती आणि मुंबईतला पक्का पत्ता दाखवू शकेल असं त्याच्या ओळखीत कोणी नसतं. रोख रक्कम भरावी, तर अटकेच्या दिवसापासून मजुरी बंद. मग आदेश झालेला असूनही तो आर्थर रोड, ठाणे किंवा तळोजाच्या कारागृहात पडून राहतो.

हे दुखणं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ओळखलं होतं. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्यालाही नाकारलं. न्या. कृष्णा अय्यर यांनी मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले असे कच्चे कैदी समोर आले, ज्यांनी संभाव्य शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याविना तुरुंगात काढला होता.

मुंबईत मात्र नव्वदच्या दशकात वारं उलट फिरलं. टोळीयुद्धाने शहर हादरलं होतं. ऑगस्ट १९९७ मध्ये अंधेरीत संगीत उद्योजक गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली. गुंड जामिनावर सुटतात आणि पुन्हा खंडणीचे फोन सुरू होतात, ही तक्रार खोटी नव्हती. १९९९ मध्ये मोक्का कायदा आला आणि संघटित गुन्हेगारीच्या आरोपींना जामीन मिळणं अतिशय कठीण झालं. त्यानंतर टोळ्यांचा जोर ओसरला, पण त्याच काळात पोलीस चकमकींचं सत्रही चालू होतं. त्यामुळे श्रेय जामिनाच्या कडक अटींना किती, हे वेगळं काढता येत नाही. गुलशन कुमार खटल्यात जन्मठेप झालेला अब्दुल रौफ मर्चंट २००९ मध्ये फर्लोवर सुटला आणि बांगलादेशात पळाला. कैद्यांना सोडण्याच्या विरोधात हे उदाहरण देता येईल. पण फर्लो ही दोषी ठरलेल्या कैद्याची रजा असते. गुन्हा शाबित न झालेल्या गाळा कामगाराला त्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

कैदी सोडले की गुन्हे वाढतात, या भीतीची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. करोनामुळे कोणते कैदी तात्पुरते सोडता येतील हे ठरवण्यासाठी २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं. मे महिन्यात ८०४ क्षमतेच्या आर्थर रोडमध्ये शंभराच्या आसपास कैदी आणि कर्मचारी करोनाबाधित निघाले. काही महिन्यांत महाराष्ट्राने दहा हजारांहून अधिक कैदी तात्पुरते सोडले. गुन्ह्यांचा पूर आला का? त्या वर्षी देशात २९,१९३ खून नोंदले गेले, आदल्या वर्षी २८,९१५; वाढ एक टक्का. चोऱ्या आणि घरफोड्या कमी झाल्या. मात्र टाळेबंदीत रस्तेच ओस होते, म्हणून या आकड्यांवरून कोणत्याच बाजूने छातीठोक निष्कर्ष काढू नये.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्थर रोडबाहेरची, जामिनाचे आदेश ज्यात टाकले जात ती जामीनपेटी घराघरांत पोचली. चित्रपट अभिनेत्याचा मुलगा असलेल्या आर्यन खान यांचा जामीन उच्च न्यायालयाने २८ तारखेला मंजूर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पेटी शेवटची उघडली, तोवर कागद पोचले नव्हते. सुटका ३० तारखेला झाली. हाताशी नामांकित वकील आणि जामीन राहायला अभिनेत्री जुही चावला असूनही कागदाच्या प्रवासात एक रात्र गेली. पुढे २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचा आदेश ई-मेलने कारागृहाला पाठवण्याचं बंधन घातलं. सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असंही ठरलं.

अमेरिकेत हाच वाद आकड्यांवर लढला जातो. न्यू जर्सीने २०१७ पासून रोख जामीन जवळपास बंद केला. तिथे त्यामुळे बंदुकीचा हिंसाचार वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२० च्या सुधारणेनंतर एकंदरीत पुन्हा अटक होण्याचं प्रमाण घटलं, पण ज्यांचा गुन्ह्यांचा इतिहास ताजा आणि मोठा होता त्यांच्यात ते वाढलं. सरसकट सोडणं आणि सरसकट डांबणं, दोन्ही चुकीचं, असं सांगणारा हा पुरावा आहे.

आपल्याकडे असा पुरावाच जमवलेला नाही. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, हे सरकारी अहवाल सांगतो. जामिनावर सुटलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा गुन्हा केला, हे तो सांगत नाही. म्हणून मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन आरोपीला निबंध लिहिण्याच्या अटीवर काही तासांत जामीन मिळाला, तेव्हा रास्त संतापाचा रोख जामीन या कल्पनेवरच वळला. त्याची झळ बसते ती जामीनदार न मिळणाऱ्या गरिबाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद वगळता, याआधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावं लागतं आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. गृह विभागाने या कलमाखाली सुटलेल्या प्रत्येकाची पुढची नोंद आजपासून ठेवावी आणि दरवर्षी जाहीर करावी. आणि मरोळमध्ये कुणाच्या गाळ्यातला माणूस जामीनदाराअभावी अडकला असेल, तर मालकाने किंवा नातेवाइकाने मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथे वकील मोफत मिळतो, आणि गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून अस्तित्वात आहे.