वर्णपटमापी तळहातावर, भिस्त मात्र दिव्यावर

एकेकाळी प्रयोगशाळेतील अख्खे टेबल व्यापणारा वर्णपटमापी अर्थात स्पेक्ट्रोमीटर आता तळहातावर मावतो. धान्यातील ओलावा, सोयाबीनमधील तेल, औषधी द्रावणाची तीव्रता, रंगाची छटा अशा अनेक गोष्टी तो काही सेकंदांत सांगतो. या आकड्यावर मालाचा दर ठरू लागला, की त्याच्या अचूकतेला पैशाचे मोल येते. ही अचूकता जितकी यंत्रावर अवलंबून असते, तितकीच त्याच्याबरोबरच्या दिव्यावरही असते.

प्रत्येक पदार्थ ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो किंवा बाहेर टाकतो. जर्मन शास्त्रज्ञ किरखोफ आणि बुन्सेन यांनी १८६० मध्ये याच तत्त्वावर सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधून काढले. पुढे शतकभर वर्णपटमापी ही प्रयोगशाळेचीच मिरास राहिली. अमेरिकेतील ओशन ऑप्टिक्स कंपनीने १९९२ मध्ये प्रकाशीय तंतू जोडता येणारा छोटा वर्णपटमापी बाजारात आणला आणि नमुना यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच नमुन्याकडे नेणे सोपे झाले.

डबीच्या आत काय असते?

तंतूतून आलेला प्रकाश एका बारीक फटीतून आत शिरतो. आरसा त्याचे किरण समांतर करतो. एका मिलिमीटरमध्ये शेकडो रेघा असलेली जाळी त्याचे रंग वेगळे करते आणि दुसरा आरसा ते संवेदकावर पाडतो. संवेदकावरील साधारण दोन हजार बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू एकेका तरंगलांबीची तीव्रता नोंदवतो. फट अरुंद केल्यास तपशील वाढतो, पण प्रकाश कमी मिळतो. सिलिकॉनचा संवेदक सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतच पाहू शकतो. पाण्याचे ठळक शोषण मात्र १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. तेथे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा महागडा संवेदक लागतो.

दिवा कोणता?

दृश्य आणि अवरक्त मापनासाठी टंगस्टन-हॅलोजन, तर अतिनील मापनासाठी ड्युटेरियमचा दिवा वापरतात. झेनॉनचा दिवा क्षणिक, पण प्रखर लखलखाट देतो. एलईडी टिकाऊ असला, तरी त्याचा पट्टा अरुंद असतो. पारा-आर्गनच्या दिव्याचे काम वेगळे आहे. पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरवरील निश्चित रेषांवरून यंत्राची तरंगलांबीची मोजपट्टी तपासली जाते. काही ठिकाणी दिव्याची जागा लेसर घेतो. 'चांद्रयान-३'च्या 'प्रज्ञान' रोव्हरने ऑगस्ट २०२३ मध्ये लेसरच्या माऱ्याने चंद्राच्या मातीचा प्रदीप्त वायू केला आणि त्याच्या वर्णपटावरून तेथील गंधकाची नोंद केली.

चूक कोठे शिरते?

अशा यंत्राचे माप हे मुळात गुणोत्तर असते. प्रथम दिवा झाकून संवेदकाची स्वतःची 'काळी' नोंद घेतात. मग कोऱ्या द्रावणाची किंवा पांढऱ्या फरशीची संदर्भनोंद होते आणि शेवटी नमुन्याची. संदर्भनोंदीनंतर दिव्याची तीव्रता बदलली, तर तो बदल यंत्र नमुन्याच्याच खात्यावर टाकते. निम्मा प्रकाश पार होऊ देणारे द्रावण घ्या. दिवा अवघ्या चार टक्क्यांनी मंदावला, तर ५०ऐवजी ४८ टक्के प्रकाश पार झाल्याची नोंद होईल. त्यावरून काढलेली द्रावणाची तीव्रता प्रत्यक्षापेक्षा सुमारे सहा टक्के जास्त दिसेल. यंत्र मात्र बिघाडाची कोणतीही सूचना देणार नाही.

म्हणूनच हॅलोजन दिवा लावल्यावर तो स्थिरावण्यासाठी साधारण अर्धा तास थांबतात, वीजपुरवठा स्थिर ठेवतात आणि संदर्भनोंद वारंवार घेतात. मळलेली पांढरी फरशी किंवा जागचा हललेला तंतूही निकाल फिरवू शकतो. धान्याच्या बाबतीत आणखी एक अट असते. प्रकाशाच्या नोंदीवरून ओलावा किंवा तेल काढणारे गणित प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांवर बसवलेले असते. पीक, वाण किंवा हंगाम बदलला, की ते पुन्हा पडताळावे लागते.

आपला माल अशा यंत्रासमोर ठेवणाऱ्याने म्हणूनच तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : दिवा किती वेळापूर्वी लावला, संदर्भनोंद केव्हा घेतली आणि हे गणित याच पिकाच्या नमुन्यांवर पडताळले आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्याच नमुन्याची पुन्हा मोजणी करून घेणे श्रेयस्कर.