गिरणगावातील दैनिकांची भरती-ओहोटी

मुंबईतील भायखळा ते परळ-लालबाग या कापड गिरण्यांच्या भागात, म्हणजे गिरणगावात, १९२३ साली कृ. प्र. खाडिलकरांनी सुरू केलेल्या ‘नवाकाळ’ला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५६ साली आचार्य अत्र्यांनी काढलेल्या ‘मराठा’ला मोठा कामगार वाचकवर्ग लाभला, परंतु १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो वर्ग उपनगरांत विखुरला.

ओहोटीचे दुसरे कारण आर्थिक होते: दैनिकाची विक्रीकिंमत सहसा उत्पादनखर्चापेक्षा कमी असते आणि ही तूट जाहिरातींतून भरून निघते. त्यामुळे जाहिराती मोबाइलकडे वळल्या, तेव्हा न्यूजप्रिंटचा, म्हणजे वृत्तपत्री कागदाचा, खर्च अधिक जड झाला.

त्यातच मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीने मुंबईतील वितरणच थांबले आणि ई-पेपर, म्हणजे छापील पानांची पडद्यावरील प्रत, वाचण्याची सवय बळावली.

#भायखळा #मराठीवृत्तपत्रे