चाई : आपल्याच सैनिकांची चूक

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला.

सेकंड इयरची सबमिशन्स चालू असताना एकदा वेणी घालताना बोटांना डोक्यावर एक गुळगुळीत जागा लागली. रुपयाएवढी. आजी म्हणाली, "चाई पडली गं, कांद्याचा रस चोळ." रूममेटने मात्र गुपचूप स्वतःचा कंगवा कपाटात ठेवला. मला चाईपेक्षा त्या कंगव्याचंच जास्त लागलं.

स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा 'अ‍ॅलोपेशिया एरिआटा'. हा किडा नाही, फंगस नाही, आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. केस पाडतात त्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशी! मग मी वाचायलाच बसले.

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अंगावर एक ओळखपत्र बाळगते आणि टी-पेशी पहारेकऱ्यांसारख्या ते तपासत फिरतात. वाढत्या केसाच्या मुळाला यातून बरीच सूट असते. ते ओळखपत्र फारसं दाखवतच नाही. ही सूट गेली, की सीडी-८ नावाच्या मारक टी-पेशी त्यालाच शत्रू समजून घेरतात. मायक्रोस्कोपखाली हे मधमाश्यांच्या थव्यासारखं दिसतं.

या पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्यामुळे मुळातल्या पेशी आयएल-१५ हा निरोप धाडतात, आणि त्याने टी-पेशी आणखीच चवताळतात. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हा तर पॉझिटिव्ह फीडबॅक! २०१४ मध्ये हे चक्र दाखवणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटातल्या अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःलाच चाई झाली होती.

दोन्ही निरोप पेशीच्या आत पोचवणारी वायर म्हणजे 'जॅक' ही एन्झाइम्स. ती अडवणारं बॅरिसिटिनिब २०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झालं. पण त्याने इतर रोगांशी लढायची ताकदही कमी होते, आणि ते थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. म्हणजे डॉक्टरांशिवाय घ्यायची गोष्ट नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं असं, की हल्ला मुळाच्या खालच्या टोकावर होतो. थोड्या वर असलेल्या स्टेम सेल्स बहुधा वाचतात, म्हणून केस परत येऊ शकतात. मला त्या जागी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. काही महिन्यांनी तिथे पांढरी लव आली, मग काळे केस.

रूममेटला मी हे सगळं वहीवर लूप काढून समजावलं. दुसऱ्या दिवशी कंगवा परत टेबलावर होता. तुमच्या वर्गात कुणाला चाई दिसली, तर एवढंच करा. कंगवा लपवू नका.