कापूस, हाडं, चांदी आणि बाबुराव पेंटर

कोणता दिग्दर्शक उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय आणि कोणावर अन्याय झालाय, हा विषय यवतमाळच्या एखाद्या पानठेल्यावर नुसता काढून बघा. तासभर तरी कोणी हलणार नाही. "शांतारामचं काय घेऊन बसला बे, शेवटी शेवटी नुसते रंगच तं दाखवले त्यानं," असं एक जण म्हणेल. दुसरा नागराज मंजुळेंची बाजू घेईल. तिसरा सांगेल, दादा कोंडक्यांना समीक्षकांनी कधी जवळ केलं नाही म्हणून काय झालं, थेटरं तर त्यांनीच भरली. सुमित्रा भावेंचं नाव निघेल, जब्बार पटेलांचं निघेल. एक नाव मात्र बहुधा निघणार नाही: बाबुराव पेंटर. त्यात पानठेल्यावरच्यांची काही चूक नाही. ज्या चित्रपटावरून या माणसाची उंची मोजायची, तो आज कोणालाच बघता येत नाही.

त्या चित्रपटाचं नाव 'सावकारी पाश'. साल 1925, मूकपटाचा जमाना. कथा ना. ह. आपट्यांची. सावकाराच्या कर्जात एका शेतकऱ्याची जमीन जाते, तो शहर गाठतो आणि गिरणीत कामगार होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण शांताराम, पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेले. पडद्यावर तेव्हा देव, राक्षस आणि इतिहासातले सरदार यांचीच गर्दी होती. अशा वेळी सातबारा, गहाणखत आणि गिरणीचा भोंगा यांच्या जगावर कॅमेरा रोखायचं कोल्हापूरच्या एका चित्रकाराला सुचलं. जमीन वाचवायला शहरात गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणारा बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला 1953 मध्ये. त्याला कान महोत्सवात गौरव मिळाला, वास्तववादी हिंदी सिनेमाची सुरुवात म्हणून त्याचं नाव पुस्तकांत गेलं. तो मान त्याला शोभतोच. पण मधल्या अठ्ठावीस वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही.

हा चित्रपट गेला कुठे, याचं उत्तर शोधायला लागलं की आपण सिनेमातून थेट पऱ्हाटीच्या शेतात येऊन पोहोचतो. मला तरी या गोष्टीचं नवल अजून संपलेलं नाही.

जुन्या काळची फिल्म म्हणजे तीन गोष्टी. पहिली, पारदर्शक पट्टी. दुसरी, त्या पट्टीवरचा चिकट थर. तिसरी, त्या थरात पसरलेले चांदीच्या संयुगाचे बारीक कण, ज्यांच्यावर उजेड पडला की चित्र उमटतं.

पट्टी कापसाची असते. अगदी खऱ्या कापसाची! जिनिंगमध्ये लांब धाग्याची रुई निघून गेली की सरकीवर आखूड तंतूंची लव उरते. ही लव जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवली की तिचं नायट्रोसेल्युलोज होतं. फार मुरवलं तर त्याची तोफेत वापरायची स्फोटक रुई तयार होते. बेतानं मुरवून त्यात कापूर मिसळला तर सेल्युलॉइड मिळतं, म्हणजे सिनेमाची पट्टी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइन यांनी 1840 च्या दशकात ही स्फोटक रुई शोधली. त्याबद्दल एक किस्सा सांगतात. स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्यांनी बायकोच्या सुती एप्रननं पुसलं आणि तो एप्रन शेगडीजवळ वाळत घातला. वाळता वाळता भप्पकन् पेटून तो दिसेनासा झाला. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण रसायन खरं आहे. पडद्यावरची नटी आणि तोफेतला बार, दोघंही एकाच बोंडाची लेकरं.

चिकट थर असतो जिलेटिनचा, म्हणजे गुराढोरांच्या हाडा-कातड्यांचा अर्क. यातही एक गंमत आहे. कोडॅक कंपनीला वर्षानुवर्षं कळत नव्हतं, की एका घाण्यातलं जिलेटिन उजेडाला चटकन प्रतिसाद देतं आणि दुसऱ्या घाण्यातलं मरगळलेलं असतं, हे असं का? 1920 च्या दशकात त्यांच्या सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञानं छडा लावला. गाई चरताना मोहरीच्या जातीची झाडं खात. त्यातलं गंधकाचं संयुग चिमूटभर प्रमाणात जिलेटिनमध्ये उतरे आणि त्यामुळे फिल्मची नजर तेज होई. आपल्याकडे दुभत्या जनावराला सरकीची ढेप घालताना दुधातल्या फॅटचा विचार होतो. तिकडे गाईनं काय खाल्लं यावर चित्रपटातल्या रात्रीच्या प्रसंगाचं यश अवलंबून होतं.

तिसरी गोष्ट चांदी. तिच्याबद्दल वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर घरातले चांदीचे तोडे सावकाराकडे कसे जातात, हे ज्यानं पाहिलंय त्याला ठाऊक आहे.

कापूस, गुरं, चांदी. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरातून जे जे जातं, नेमकं त्याचंच रीळ बनलं होतं. आणि ते नष्टही यांतल्याच दोन गोष्टींपायी झालं: कापूस आणि चांदी.

नायट्रेटची फिल्म जुनी झाली की तिच्यातून नायट्रोजनचे वायू सुटू लागतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते आधी चित्र खातं, मग जिलेटिन. रीळ चिकटतं, पाघळतं, शेवटी तपकिरी भुकटी उरते. आग लागली तर विझवणं कठीण, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते. सडायला लागलेली रिळं चाळिशीच्या वरच्या तापमानात फार काळ राहिली तर आपोआप पेट घेऊ शकतात. यवतमाळच्या मे महिन्यात पारा कुठवर जातो, ते वाचकांना माहीत आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या नायट्रेटच्या डब्याचं काय होईल, याची कल्पना करा.

जे जळलं नाही ते विकलं गेलं. मूकपटांचा जमाना संपला, बोलपट आले आणि जुन्या रिळांना भाव उरला तो फक्त चांदीचा. रीळ धुवायचं, चांदी काढून घ्यायची, पट्टी फेकून द्यायची. भारतात हजाराहून जास्त मूकपट बनले. त्यांतले आज पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेत ते तीसच्या आसपास. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 1931 चा, त्याचीही प्रत उरलेली नाही. बरं, उरलेलं सुखरूप आहे म्हणावं, तर जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि जपून ठेवलेलंही बरंच गेलं.

आता पुन्हा आपल्या वादाकडे वळू. दादासाहेब फाळके आपल्याला मोठे वाटतात, कारण ते मोठे होतेच. पण त्यांचं काही काम डोळ्यांनी बघता येतं, हेही त्यामागचं एक कारण आहे. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे गोळा केले आणि फाळक्यांच्याच टिपणांच्या आधारानं 'कालिया मर्दन' (1919) पुन्हा जुळवला. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 ला, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या वर्षभर आधी लागला होता. ते चित्रित नाटक होतं की चित्रपट, यावर शंभर वर्षं भांडणं चाललीत. प्रत असती तर दहा मिनिटांत निकाल लागला असता.

पेंटरांची गोष्ट याहून वाईट. या माणसानं चुलतभाऊ आनंदरावांच्या साथीनं कोल्हापुरातच कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव मधेच वारले, बाबुरावांनी काम पुरं केलं. 1920 मध्ये 'सैरंध्री' आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कात्री लावली. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. सेटची, पोशाखाची चित्रं ते आधी स्वतः काढत. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही सगळी मंडळी त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकली आणि 1929 मध्ये बाहेर पडून त्यांनी प्रभात काढली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. शिष्यांचं काम आजही बघता येतं. गुरूच्या मूकपटांचे मात्र 'मुरलीवाला'सारखे मोजके तुकडे शिल्लक आहेत. 1936 मध्ये पेंटरांनी 'सावकारी पाश' पुन्हा, बोलपट म्हणून केला. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना मूकपट अंधुकसाच आठवत होता. बोलपटातलं एक दृश्य मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही: काळोखात बुडालेली एक झोपडी आणि कुठून तरी येणारं कुत्र्याचं रडणं.

नावलौकिक हा गुणांइतकाच गोदामाचा खेळ असतो, असं माझं मत आहे. अमेरिकेत फ्रँक काप्रा यांच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं (1946) नशीब 1974 मध्ये फिरलं. कॉपीराइटच्या नूतनीकरणाचा अर्ज कोणी तरी भरायचा विसरला, टीव्हीवाल्यांना चित्रपट जवळपास फुकट मिळाला, दर नाताळला तो दिसू लागला आणि अमेरिकेचा लाडका होऊन बसला. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारतं. पहिल्यांदा 'बायसिकल थीव्ह्ज', मग पन्नास वर्षं 'सिटिझन केन', 2012 मध्ये 'व्हर्टिगो', 2022 मध्ये शांताल अकेरमन यांचा 'जान दिएलमां'. चित्रपट तेच, निकाल मात्र बदलत गेला. पण या यादीत यायला किमान बघता येण्याजोगी प्रत तरी लागते.

यवतमाळला हे जवळचं वाटावं असं आणखी एक कारण आहे. कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात इथं मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वे आली. तोच कापूस पुढे कर्जाचं आणि आत्महत्यांचं कारण म्हणून जगाला कळला. मिका पेलेद यांचा 'बिटर सीड्स' (2011) हा माहितीपट याच जिल्ह्यातल्या तेलंग टाकळीत घडतो, गावातल्या पत्रकार होऊ पाहणाऱ्या एका मुलीच्या नजरेतून. त्याच्या दोन वर्षं आधी सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी किसना जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, या धास्तीनं त्याची बायको लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावून देते. बाप जिथं जाईल तिथं पोरगं. प्रेक्षक हसतो आणि हसताना दचकतो. इतक्या गंभीर विषयात विनोद राखायला हिंमत लागते. मनवरांना आपण त्यांच्या वाट्याचं माप दिलेलं नाही, हे माझं पानठेल्यावरचं मत समजा हवं तर.

हरवलेलं कधी कधी सापडतंही. कार्ल ड्रायर यांच्या 'जोन ऑफ आर्क'ची (1928) मूळ प्रत 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मिळाली. कॅनडात डॉसन सिटीला 1978 मध्ये जमीन खणताना शेकडो रिळं निघाली. 'बिल्वमंगल' या 1919 च्या भारतीय मूकपटाचा उरलेला भाग पॅरिसच्या संग्रहातून पुण्यात आला. तेव्हा जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या, थेटरमालकांच्या, वितरकांच्या घरातल्या नातवंडांना एक विनंती. माळ्यावर, कोठीत, जिनिंगच्या गोदामात पत्र्याचे चपटे गोल डबे असतील तर ते भंगारवाल्याला देऊ नका. उन्हात ठेवू नका, त्यांच्याजवळ काडी ओढू नका, चांदीच्या आशेनं धुऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.